चर्चिलचं वाक्य भाषणात घालण्याआधी

'सत्ता लुच्च्या-लफंग्यांच्या हाती जाईल, एक दिवस हवापाण्यावरही कर लागेल.' दर पंधरा ऑगस्टला हा निरोप फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं: ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल, १९४७. पारखायला सुरुवात तिथूनच करा. जुलै १९४५ मध्ये चर्चिल निवडणूक हरले. १९४७ मध्ये पंतप्रधान होते ॲटली, चर्चिल विरोधी पक्षनेते. ज्याला पदही धड ठाऊक नाही, त्याने वाक्य तरी मूळ नोंदीतून घेतलंय का, ही शंका इथेच यायला हवी.

पुढची पायरी हॅन्सर्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत. तो संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. अख्खं वाक्य टाकू नका, कारण फिरता फिरता शब्द बदललेले असतात आणि मग हाती काहीच लागत नाही. इंग्रजीतले दोन-तीन विरळ शब्द निवडा, सोबत वर्ष घाला. लुच्च्या-लफंग्यांचं वाक्य तिथे सापडत नाही. सापडतं ते ६ मार्च १९४७ चं: या तथाकथित राजकीय वर्गाच्या हाती भारत देणं म्हणजे गवताच्या बाहुल्यांच्या हाती देणं, काही वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही. खरं वाक्यही तितकंच तुसडं आहे. त्यात हवापाण्याची भर घालायची गरज नव्हती.

हॅन्सर्डमध्ये नाही म्हणजे खोटंच, असं मात्र नाही. युद्धकाळातल्या गुप्त बैठकींतली भाषणं त्यात नाहीत. सभागृहाबाहेरची भाषणं तर नसणारच. 'साम्राज्य मोडीत काढायला मी पंतप्रधान झालेलो नाही' हे १० नोव्हेंबर १९४२ चं, लंडनच्या मॅन्शन हाऊसमधलं. अशा वेळी त्या दिवशीची वर्तमानपत्रं आणि छापील भाषणसंग्रह पाहा. भारतीयांबद्दलचं 'पशुतुल्य लोक' हे कुप्रसिद्ध वाक्य येतं ते भारतमंत्री लिओ ॲमरी यांच्या १९४२ च्या रोजनिशीतून. ते वापरताना 'ॲमरींच्या नोंदीनुसार' एवढं लिहाच.

सर्वांत जास्त घोळ होतो तो काटछाटीत. 'अर्धनग्न फकीर' हे दोन शब्द चर्चिलनी जोडून उच्चारलेच नव्हते. २३ फेब्रुवारी १९३१ च्या भाषणात गांधी फकिराचं सोंग घेऊन व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या अर्धनग्न चढतात, असं लांबलचक वाक्य आहे. आशय तोच, पण अवतरणचिन्हं घालायची तर मूळ शब्द हवेत. १३ मे १९४० च्या भाषणातलं आपल्याकडचं 'रक्त, घाम आणि अश्रू' असंच. त्यातले कष्ट गळाले. मुळात रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम, या क्रमाने. लोकशाही ही सर्वांत वाईट राज्यपद्धती, बाकीच्या सगळ्या सोडल्या तर, हे ११ नोव्हेंबर १९४७ चं. त्याआधी 'असं म्हटलं गेलंय' हे शब्द चर्चिल स्वतःच घालतात, म्हणजे श्रेय घेत नाहीत. आपणही ते शब्द खाऊ नयेत.

'हार मानू नका' हे शाळकरी मुलांपुढचं तीन शब्दांचं भाषण, ही दंतकथा. २९ ऑक्टोबर १९४१ चं हॅरो शाळेतलं ते भाषण बरंच लांब आहे आणि त्या वाक्यालाच अपवाद जोडलाय: सन्मान आणि सुज्ञपणा यांच्यापुढे माघार चालेल.

विनोद मराठीत आणताना आधीची ओळ दिल्याशिवाय शेवटची ओळ देऊ नका. ३० डिसेंबर १९४१, ओटावा, कॅनडाची संसद. फ्रेंच सेनानींनी म्हटलं होतं, तीन आठवड्यांत इंग्लंडची मान कोंबडीसारखी मुरगळली जाईल. मुरगळणं मराठीत आयतंच मिळतं, त्यामुळे शब्दांची ओढाताण नको: 'काय पण कोंबडी!' इथे थांबायचं, कारण चर्चिलही थांबले होते, हशा ओसरेपर्यंत. मग: 'काय पण मान!' दोन्ही एका दमात म्हटलंत तर दुसऱ्यावर कुणी हसणार नाही.