दुधाची दाढ लवकर काढावी लागली? मग या चुका टाळा

"दुधाचाच तर दात, पडणारच होता की" असं घरात एक आजी तरी म्हणतेच, आणि समोरच्या दातांपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा साधारण 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहायला हव्यात, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या पोराची दाढ किडून काढावी लागली तर तिच्या खाली हिरडीत असलेली पक्की दाढ बाहेर यायला अजून तीन-चार वर्षं असतात. तेवढ्यात मागची दाढ पुढे सरकून ती जागा खाते, आणि सगळ्यात जास्त सरकते ती पहिल्या सहा महिन्यांतच. मग पक्की दाढ येते तेव्हा तिला जागाच नसते, वाकडी तरी येते नाहीतर आतच अडकते आणि पुढे तारा लावायचा खर्च.

म्हणून दाढ काढली, दुखायचं थांबलं, विषय संपला असं समजू नका. काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा की ती जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर लागेल का. शेजारच्या दाढेवर रिंग आणि तिला तारेचा लूप, एवढंच असतं ते. प्रत्येकाला लागत नाही हां, एक्सरेमध्ये खालची दाढ अगदी वर आलेली दिसली तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतात. नाशिकला पंचवटीत के.बी.एच. डेंटल कॉलेज आहे, लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर वेगळे असतात त्यांनाच दाखवायचं असेल तर तिथे चौकशी करा.

काढल्या दिवशीची चूक म्हणजे लगेच खायला देणं. इंजेक्शनचा बधिरपणा दोन-तीन तास राहतो, पोरं ओठ आणि गाल चावत बसतात, त्यांना कळतही नाही आणि संध्याकाळी ओठ सुजला की आपण घाबरतो की इन्फेक्शन झालं. बधिरपणा जाईपर्यंत लक्ष ठेवा, स्ट्रॉ देऊ नका, रक्त थांबायला कापूस अर्धा तास दाबून धरायला सांगा.

स्पेस मेंटेनर बसवला की चिक्की, च्युइंगम, चिकट चॉकलेट बंद. आणि मनुकेसुद्धा. निफाड-पिंपळगावकडे नातेवाईक असले की मनुक्यांची पिशवी येतेच घरी, आणि पौष्टिक म्हणून आपण मूठभर देतो, पण ते रिंगेभोवती चिकटून बसतात आणि तिथेच कीड लागते. रिंगेभोवती ब्रश तुम्ही स्वतः फिरवा, सात-आठ वर्षांचं पोर "केलं मी" म्हणालं तरी. पेस्ट फ्लोराइडवाली, मटारच्या दाण्याएवढी. रिंग हलायला लागली तर पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका, लगेच परत बसवून घ्या. आणि पक्की दाढ बाहेर दिसायला लागली की स्पेस मेंटेनर काढायचा असतो, हे पण लोक विसरतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्की असते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडेपर्यंत कोणी बघत नाही.

पडून-आपटून दुधाचा दात मुळासकट बाहेर आला तर तो परत बसवायला जाऊ नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. पण निघालेला दात पक्का असेल तर एकदम उलटं, मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्ट गाठा.