डॉक्टरांच्या हलगर्जीपणाची तक्रार ग्राहक आयोगात कशी न्यावी

उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं कायदा मानत नाही. त्या शाखेचा एखादा बऱ्यापैकी जाणकार डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल, तेच केलेलं असेल, तर रुग्ण दगावला तरी दावा टिकत नाही. 2005च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी पक्की केली. त्यामुळे तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टरवर काळजी घेण्याची जबाबदारी होती, त्यात कसूर झाली, आणि इजा त्या कसुरीमुळेच झाली. पहिली सहसा वादात नसते. दुसरी केस पेपरांतून निघते. तक्रारी बहुतेक तिसरीवर आपटतात.

म्हणून मृत्यू झाला असेल आणि कारण संशयास्पद असेल, तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. घरच्यांना त्या घडीला ते नकोसं वाटतं, हे साहजिक आहे. पण नंतर मृत्यूचं कारण सिद्ध करायला दुसरं फारसं काही हाती उरत नाही. 'आधीच्याच आजाराने गेले' एवढं रुग्णालयाने म्हटलं की तक्रार तिथेच लंगडी होते.

पहिलं काम कागदांचं. रुग्णालय आपणहून फक्त डिस्चार्ज कार्ड देतं, आणि दोन पानांच्या त्या सारांशावर केस उभी राहत नाही. रुग्णाच्या किंवा वारसाच्या सहीने लेखी अर्ज करा, दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्जात 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. नावं घाला: इनडोअर केस पेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, शस्त्रक्रियेची नोंद, भूल चार्ट, तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ फिल्म किंवा सीडी, तपशीलवार बिल.

यांतला सगळ्यात बोलका कागद नर्सिंग चार्ट. डॉक्टरांची नोंद बऱ्याचदा नंतर सवडीने लिहिलेली असते. परिचारिकेची नोंद वेळेनुसार पडत जाते. रक्तदाब कधी घसरला, डॉक्टरांना फोन कधी गेला, ते कधी आले, हे तिथे मिनिटांसकट सापडतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. वेळा जुळत नसतील, शाई किंवा अक्षर मध्येच बदललं असेल, पानांचे क्रमांक तुटले असतील, तर त्याची वेगळी यादी करा. संमतीपत्रात नेमक्या कोणत्या शस्त्रक्रियेला परवानगी दिली होती, तेही तपासा. निदानापुरत्या दुर्बीण तपासणीला दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सांगितलं. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी.

मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून मोजता येते, पण या सवलतीवर विसंबून राहू नका. 1993च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज 2002 साली सापडला, आणि तरीही सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली. दुखणं शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू झालं होतं, तेव्हाच चौकशी करायला हवी होती, हे त्याचं कारण. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा लागतो आणि त्यात उशिराचं समाधानकारक कारण द्यावं लागतं. 'मानसिक धक्क्यात होतो' एवढं एक वाक्य पुरत नाही.

कोणत्या आयोगात जायचं, ते मागितलेल्या भरपाईवर नाही, उपचारासाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा बदल केला आणि अजूनही अनेकजण इथे चुकतात. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. बिल 3 लाख 80 हजारांचं आणि मागणी 60 लाखांची असली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते. उपचाराला मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फीही नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात ती दाखल करता येते. रुग्णालय दुसऱ्या शहरात असलं म्हणून तिकडे खेटे घालायचं कारण नाही. बिल विमा कंपनीने भरलं असलं, तरी ती पैसे मोजून घेतलेलीच सेवा ठरते. मात्र सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध हा मार्ग बंद आहे. तिथे दिवाणी दावा, आणि तो सरकारवर असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80ची दोन महिन्यांची नोटीस.

तक्रार लिहिताना विशेषणं गाळा. 'निर्दयी', 'पैशासाठी हपापलेले' अशा शब्दांनी काही सिद्ध होत नाही, उलट मुद्दा झाकला जातो. तारीख, वेळ, काय झालं, आणि त्याला आधार असलेल्या कागदाचा पान क्रमांक, या क्रमाने लिहा. सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून रुग्णालय आणि संबंधित डॉक्टर दोघांनाही घाला. डॉक्टर फक्त व्हिजिटवर येतात, आमचे नोकर नाहीत, हा बचाव रुग्णालयाला सहसा वाचवत नाही. पण ज्याचा संबंध नाही अशा प्रत्येक डॉक्टरला गोवलं, तर नोटिसा बजावण्यातच महिने जातात.

तज्ज्ञाचं मत हवंच का? उघड चूक असेल तर नाही. संभाजीनगरच्या (तेव्हाचं औरंगाबाद) सरकारी रुग्णालयात 1963 साली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात टॉवेल राहिला आणि महिला दगावली. अच्युतराव खोडवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली म्हटलं की इथे घटनाच बोलते. निदान चुकलं, औषधाची मात्रा चुकली, शस्त्रक्रिया उशिरा झाली, अशा तक्रारींत मात्र मत घ्याच, आणि त्याच शाखेच्या डॉक्टरचं घ्या. हाडांच्या शस्त्रक्रियेवर फिजिशियनचं मत उलटतपासणीत टिकत नाही. त्यांना 'चूक झाली का' एवढंच विचारू नका. काय करायला हवं होतं, कोणत्या वेळेपर्यंत, आणि ते केलं असतं तर परिणाम बदलला असता का, असे तीन प्रश्न लेखी द्या. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर अहवाल अर्धाच आहे.

भरपाईचा आकडा ठोकळ टाकू नका. झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेलं उत्पन्न, अपंगत्व आणि मनस्ताप असे वेगळे रकाने करा, प्रत्येकाला पावती किंवा प्रमाणपत्र लावा. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची तपासणी न केल्याने दृष्टी गेली, त्या प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने आधीचा आणि पुढचा खर्च वेगवेगळा मोजून सुमारे 1 कोटी 80 लाख दिले. पुढच्या खर्चाचं अंदाजपत्रक नसेल, तर हा रकाना बहुधा रिकामाच राहतो.

पोलिसांत धाव घेणं हा अनेकांचा पहिला विचार असतो. आमच्या मते तो क्वचितच उपयोगी पडतो: फौजदारी गुन्ह्याला घोर हलगर्जीपणा लागतो आणि त्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी निलंबित करू शकते, पैसे देववू शकत नाही.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. 45 दिवसांनंतर आलेला जबाब आयोग स्वीकारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा आणि 46व्या दिवशी जबाबाशिवाय तक्रार पुढे चालवण्याचा अर्ज द्या. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपील 45 दिवसांत. रुग्णालयाला अपील करायचं असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. अपीलही न करता पैसे थकवले, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 71खाली वसुली आणि कलम 72खाली शिक्षेचा अर्ज असे दोन्ही मार्ग खुले असतात.