बायरच्या मेलमध्ये ‘ही’ लिहायचं की ‘शी’?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. नवीन पोरं हमखास अडतात ती एका जागी. मेलखाली नुसतंच ‘ॲलेक्स’ किंवा ‘रॉबिन’. बाई की बाप्या, काही कळत नाही. मग ‘डिअर सर’ ठोकून मोकळे.

मायन्यात पूर्ण नाव लिहा. मिस्टर, मिस काही नको. मजकुरात ‘यू’ असतं, तिथे प्रश्नच नाही. खरी पंचाईत तिसऱ्याला कळवताना होते. ऑफिसात आपण ‘ॲलेक्सनी सॅम्पल पास केलंय’ म्हणून निभावतो, पण शिपिंग एजंटला इंग्रजीत लिहिताना सर्वनाम लागतंच. तिथे ‘दे’ (they) वापरा. क्रियापद मात्र सांभाळा: नावापुढे ‘ॲलेक्स हॅज’, पुढच्या वाक्यात ‘दे हॅव’. ‘दे हॅज’ कधीच नाही.

आमचे एक काका निवृत्त इंग्रजी शिक्षक. एका माणसाला अनेकवचन म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. पण हा वापर चौदाव्या शतकापासूनचा आहे. सगळ्यांसाठी ‘ही’ हा नियम अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी रेटला. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांच्या भाषेत पुल्लिंगात स्त्रिया धरल्या, आणि आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही तेच आलं. ‘यू’ सुद्धा मुळात अनेकवचनीच, ते काका बिनतक्रार वापरतात! २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं, त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमावलीनेही एकवचनी ‘दे’ मान्य केलं.

काकांचा एक आक्षेप मात्र मला पटतो: घोटाळा होतो. ‘ॲलेक्स टोल्ड द सप्लायर्स दॅट दे वुड पे’ यात पैसे कोण भरणार? अशा वेळी नाव पुन्हा लिहा. करारात तर सर्वनाम नकोच, ‘बायर’ आणि ‘सेलर’ लिहा. डेमरेजचा (बंदरात माल अडकल्याच्या दंडाचा) वाद ‘दे’वरून पेटला तर शेठ आपल्यालाच विचारणार.

कारखान्यातल्या पाट्याही बघून घ्या. शिलाई खात्यात बहुतेक बायका, आणि भिंतीवर ‘एव्हरी वर्कर मस्ट वेअर हिज आयडी कार्ड’. ‘ऑल वर्कर्स मस्ट वेअर देअर आयडी कार्ड्स’ केलं की काम झालं, वादही नाही.

सहीखाली कुणी स्वतःचं सर्वनाम म्हणून ‘दे/देम’ लिहिलं असेल तर तेच वापरायचं. त्यावर ऑफिसात चर्चासत्र नको, आणि ‘तुम्ही पुरुष की स्त्री’ असा उलट मेल तर मुळीच नको. ‘शी/हर’ लिहिलं असेल, तर उगाच ‘दे’चा आग्रह धरू नका. बायरच्या एक्सेल शीटमध्ये नावाशेजारी यासाठी एक रकाना ठेवा, आणि मेल पाठवण्याआधी तो बघा.