आधी कोशिंबीर, मग चिकन

अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू कोंबडीच्या मांसातून घरात येतात म्हटल्यावर पहिली शंका हीच येते, की मग ते शिजवूनही मरत नसतील. मरतात. उकळत्या रश्श्यात ते साध्या जिवाणूंसारखेच मरतात. घोळ होतो तो रस्सा उकळायच्या आधी, ओट्यावर.

हे जिवाणू तयार कसे होतात? कोंबड्या लवकर वजनाला भराव्यात म्हणून खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक द्यायची पद्धत जगभर रुळली. एवढ्याशा मात्रेने लेचेपेचे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. त्यांची जनुकं दुसऱ्या जिवाणूंकडे, अगदी आपल्या आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंकडेही जाऊ शकतात. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागात इतर उपाय थकल्यावर वापरायचं औषध. जिवाणूला त्यापासून वाचवणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारं असं जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. बंदी योग्यच, पण आपला ओटा आपल्यालाच सांभाळायचा आहे.

१. बाजारात भाजी आधी घ्या, चिकन शेवटी. पिशवी वेगळी, आणि गळकी नको. घरी लगेच करणार नसाल तर झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पाणी झिरपून दह्यादुधावर पडणार नाही.

२. चिकनची पिशवी उघडण्याआधी कच्चं खायचं सगळं उरकून घ्या: काकडीची कोशिंबीर, कांदा, लिंबाच्या फोडी, वरून पेरायची कोथिंबीर. झाकून बाजूला ठेवा. सुरी आणि पाट एकच असला तरी या क्रमाने बराच धोका टळतो.

मग तिखट, मीठ, हळद वाटीत काढून ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. चिकनने बरबटलेला हात मिसळणाच्या डब्यात गेला, की तोच चमचा संध्याकाळच्या वरणाला. आलं-लसणाच्या बरणीचंही तेच.

३. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. आपल्याकडे हे पटणं अवघड, मला कल्पना आहे. पण धुतल्याने जिवाणू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर शेजारच्या भांड्यांवर मात्र उडतात. हळद-मीठ लावल्यानेही ते मरतात असं धरून चालू नका. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळा, पाणी सावकाश ओता आणि सिंक साबणाने घासा. नंतर हातही साबणाने धुवा, निदान वीस सेकंद. ज्या नळाला बरबटलेला हात लागला, तो नळही.

४. कुकरमधल्या रश्श्याची काळजी नको. लक्ष द्यायचं ते तव्यावरच्या आणि तंदुरीच्या तुकड्यांकडे. बाहेरून करपतात आणि हाडाजवळ कच्चे राहतात. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या आत ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. शिजलेले तुकडे मसाला मुरवलेल्या भांड्यात परत टाकू नका.

५. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी नुसता कोमट नको, खदखदा उकळवा. ओटा पुसायचं फडकं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा.

शाकाहारी घरांनी फार निश्चिंत राहू नये. कोंबडीखत भाजीच्या शेतातही पडतं. पालेभाजी आणि कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, आणि सुटं दूध उकळूनच घ्या. गाय कासदाहावर, म्हणजे कासेच्या सुजेवर, अँटिबायोटिक घेत असेल तर औषध थांबल्यानंतरचा ठरलेला काळ संपेपर्यंत तिचं दूध विकायचं नसतं. उकळल्याने जिवाणू मरतात, पण औषधाचा अंश जाईलच असं नाही. ओळखीचा गवळी असेल तर त्याला विचारायला काय हरकत आहे?

६. एवढं करूनही पोट बिघडलंच, तर मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस घोट घोट घेत राहा. शौचातून रक्त, जोराचा ताप किंवा लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर लक्षणं वाढायची वाट पाहू नका. आणि गेल्या काही महिन्यांत कोणती अँटिबायोटिकं घेतली ते डॉक्टरांना सांगा. नाव आठवत नसेल तर रिकामी पाकिटं सोबत न्या.