फ्लेमिश चित्रातला मासळीबाजार कसा बघायचा

नदीकाठ, होड्या, माशांचे ढीग आणि मुंगीएवढी शेकडो माणसं, असं फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सकडचं, जुनं चित्र दिसलं की आपण आधी बाजूची पाटी वाचतो. नका वाचू, दोन मिनिटं नुसतं बघा.

पहिले रंग, कारण ते सोपंय. पुढे तपकिरी, मध्ये हिरवा, लांब निळा, ही तिकडच्या चित्रकारांची ठरलेली पद्धत, त्यामुळे एवढ्याशा लाकडी फळीवर काढलेल्या चित्रातही कोसभर लांबचं दिसतं. लांब डोंगर असतील तर हे नेमकं कुठलं गाव म्हणून शोधत बसू नका, फ्लँडर्स सपाट आहे, ते डोंगर बहुतेक चित्रकाराच्या डोक्यातले.

मग माणसं, आणि इथे घाई अजिबात नको. ऑनलाइन बघत असाल तर झूम करून चेहऱ्यांऐवजी हात बघा: टोपली कोणी उचललीय, माशाकडे बोट कोण दाखवतंय, कोण नुसतंच उभं आहे. कपड्यांवरून गिऱ्हाईक कोण आणि राबणारं कोण ते कळतंच. मध्येमध्ये लाल कपडे टाकलेले असतात, आपली नजर त्या ठिपक्यांवरून उड्या मारत आत जाते.

फ्लेमिश चित्रकार थोरल्या यान ब्रूगेलचं म्युनिकमधलं १५९८ चं बंदराचं चित्र घ्या. पुढे नुसती मासळी आणि गर्दी, आणि येशू मागे एका होडीतून प्रवचन देतोय, इतका बारीक की पहिल्यांदा बघताना मला सापडलाच नव्हता. लोक म्हणतात हे धार्मिक चित्र, असेलही, पण जागा कोणाला जास्त दिलीय ते बघा ना! मला तरी वाटतं चित्रकाराचा जीव माशांतच अडकलाय.

आता थोडा इतिहास. यान अँटवर्प या बंदराच्या शहरात काम करायचा, आणि १५८५ मध्ये ते शहर स्पेनच्या हाती गेल्यावर स्पेनशी लढणाऱ्या डचांनी तिथल्या शेल्ड नदीची समुद्राकडची वाट अडवली, व्यापार पार खालावला, बरेच व्यापारी उत्तरेला निघून गेले. म्हणजे हे गजबजलेलं बंदर त्याच्या खिडकीतून दिसणारं नाही, हे धरून परत एकदा बघा, तीच गर्दी जरा वेगळी वाटते.

पाटी आता वाचा हवं तर. तसंही या जुन्या चित्रांची नावं बहुतेक वेळा चित्रकाराने दिलेली नसतातच, नंतर याद्या करणाऱ्यांनी चिकटवलेली असतात.