जड कयाक एकट्याने गाडीच्या टपावर कशी चढवावी

पवना, मुळशी किंवा पानशेतच्या पाण्यावर पहाटे कयाक, म्हणजे वल्ह्याची लांब, अरुंद बोट, घेऊन एकट्याने वल्हवायला जायचं असेल तर खरी अडचण पाण्याच्या बाहेरच असते. सिट-ऑन-टॉप प्रकारची (आत न शिरता वर बसायची), पॉलिइथिलीन प्लॅस्टिकची एका माणसाची कयाक साधारण 20 ते 30 किलो भरते. दोघांची किंवा मासेमारीची 35-40 किलोच्या पुढे जाते. लांबी दहा-बारा फूट, धरायला नीट जागा नाही, आणि ती चढवायची खांद्याच्याही वर. म्हणून बरेच जण मदतनीस मिळेपर्यंत बेत पुढे ढकलतात. पण रीत नीट कळली तर साधारण ताकदीच्या माणसालाही हे एकट्याने जमतं.

ही सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे: पूर्ण वजन कधीच एकदम उचलायचं नाही. कयाकचं एक टोक कायम जमिनीवर किंवा गाडीवर टेकलेलं हवं. तीस किलोच्या कयाकचं एक टोक उचलताना हातावर जेमतेम पंधरा किलो येतात. पडलेली शिडी भिंतीला उभी करताना आपण असंच करतो. कयाक डोक्यावर घेऊन थेट टपावर ठेवण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण ते हलक्या बोटींचे असतात. जड बोटीला तसं करू नका.

आधी गाडी तपासा

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या टपावरच्या रेल नुसत्या शोभेच्या असतात. त्या चिकटवलेल्या किंवा क्लिपवर बसवलेल्या असतात, भार घेत नाहीत. म्हणून गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडा आणि टपावर किती किलो चालतात ते वाचा. त्या आकड्यात रॅकचं, म्हणजे टपावर बसवायच्या आडव्या दांड्यांच्या सांगाड्याचं, वजनही धरलेलं असतं. मर्यादा 50 किलो आणि रॅक 6 किलोचा, तर कयाकसाठी 44 उरतात. मॅन्युअलमध्ये टपावर भार ठेवू नये असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला. मग ट्रेलर किंवा फुगवायची कयाक हेच पर्याय.

रॅकच्या दोन आडव्या दांड्यांमध्ये गाडी देईल तेवढं जास्तीत जास्त अंतर ठेवा. चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्हींवर हे अंतर फार मिळत नाही. बारा फुटी कयाक म्हणजे 3.65 मीटर. तिची दोन्ही टोकं अधांतरी राहतात आणि वारा त्यांनाच धरतो. पुढे बांधणीत याचा संबंध येईल.

कयाक हलकी करा

सीट, वल्हं, आइस बॉक्स, बॅटरी, पेडल ड्राइव्ह (पायाने चालवायची यंत्रणा), सगळं काढून गाडीत टाका. मासेमारीच्या कयाकवरून एवढ्यानेच बरेच किलो उतरतात. मग ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायचं बूच, काढा, एक टोक उंच करा आणि आतलं पाणी जाऊ द्या. पोकळीत पाच लिटर साचलं असेल तर पाच किलो वाढले, आणि वाईट म्हणजे टोक उचलताच ते पाणी दुसऱ्या टोकाकडे धावतं आणि तोल ऐनवेळी बदलतो.

काठापासून गाडीपर्यंत दोन चाकांची कयाक ट्रॉली वापरा. ओली माती आणि गवत यांवर कयाक नुसती ओढली तरी चालतं. कोकणात जांभ्यावरून किंवा कुठेही डांबरावरून ओढू नका, तळ खरवडून निघतो.

गाडी उभी करताना

हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकाला दगड लावा. मागे निदान दीड कयाकभर मोकळी जागा हवी. हलका उतार असेल तर गाडीची मागची बाजू चढाकडे करा. तुम्ही उभे राहता ती जमीन थोडी उंच येते आणि टप तेवढाच खाली येतो.

वाऱ्याकडे लक्ष द्या. किनारपट्टीवर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. अर्धवट चढवलेली कयाक आडव्या वाऱ्यात एकट्याला आवरत नाही, म्हणून गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा. झोत जोरात येत असतील तर सरळ थांबा. पायात बूट हवेत, चप्पल नको. हातमोजे घातले तर उत्तम.

मागून चढवणं

हॅचबॅक आणि मध्यम उंचीच्या एसयूव्हीसाठी मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

1. कयाक उलटी ठेवायची की सुलटी ते जमिनीवर असतानाच ठरवा, वर गेल्यावर एकट्याने पलटता येत नाही. वरचा भाग मोकळा असेल तर उलटी न्या. कडा मजबूत असतात, त्या दांड्यांवर नीट बसतात आणि सरकतातही. रॉड होल्डर (गळाची काठी खोचायची नळी), रेल वगैरे बसवलेली असेल तर तळ खाली ठेवा. मग दांड्यांवर कयाकच्या आकाराचे फोमचे ठोकळे किंवा पाळणे लागतील.

2. कयाक गाडीच्या मागे, गाडीच्या रेषेत ठेवा. पुढचं टोक गाडीकडे. मागच्या टोकाखाली रबरी पायपुसणं घाला, म्हणजे ते मागे घसरणार नाही.

3. टपाच्या मागच्या कडेवर जुनी योगा मॅट किंवा जाड घोंगडी टाका. स्पॉयलर प्लॅस्टिकचा असतो, त्यावर भार देऊ नका. शार्क फिन अँटेना असेल तर कयाक तिच्या बाजूने जाईल अशी थोडी सरकवून घ्या.

4. पुढच्या टोकाशी या. गुडघे वाकवा, पाठ सरळ, टोक अंगाला जवळ घेऊन पायांच्या जोरावर उठा. टोक खांद्यापर्यंत आलं की दोन्ही हातांनी वर ढकलून मागच्या दांडीवर टेकवा. दांडी फार पुढे असेल तर मॅटवर टेकवा. कंबरेतून पिळा मात्र देऊ नका, वळायचं असेल तर पाय उचलून वळा.

5. हात लगेच सोडू नका. कयाक हलवून पाहा. ती बाजूला कलत असेल तर सरळ करा, मगच मागे जा. मनात शंका असेल तर पुढचा भाग पट्ट्याने दांडीला सैलसर अडकवून ठेवा. सरकायला वाव राहतो आणि कयाक कडेला लवंडत नाही.

6. आता मागचं टोक उचला. पुन्हा तेच, पायांच्या जोरावर. उचलून पुढे चालत राहा. कयाकचा मध्य दांडीच्या जवळ येईल तसं हातातलं वजन कमी होत जातं.

7. मध्य दांडीच्या पुढे गेला की पुढचं टोक खाली झुकतं. इथे घाई केली तर ते काचेवर किंवा बॉनेटवर आदळेल. मागचं टोक घट्ट धरून हळूहळू वर सोडा आणि कयाक पुढच्या दांडीवर अलगद टेकवा.

कयाकचा मध्य दोन्ही दांड्यांच्या मधोमध आला की चढवणं झालं.

टप उंच असेल तर बाजूने

उंच एसयूव्ही असेल, मागे स्टेपनी लटकवलेली असेल किंवा मागे जागाच नसेल, तर पुढच्या दांडीला दोन-अडीच फूट बाहेर येणारी एक जोडदांडी घट्ट आवळून बसवा. जाड जीआय पाइप फोमची नळी चढवून वापरता येतो, पण तो दोन ठिकाणी मजबूत क्लॅम्पने धरलेला हवा. कयाक गाडीला समांतर ठेवा. पुढचं टोक उचलून या बाहेर आलेल्या दांडीवर ठेवा, मग मागचं टोक उचलून मागच्या दांडीवर, शेवटी पुढचं टोक उचलून आत सरकवा. तीन छोटी उचलणी होतात. निघण्यापूर्वी जोडदांडी काढायला विसरू नका.

प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून काहीही उचलू नका. पट्टे टाकताना उंची हवीच असेल तर दार उघडून उंबऱ्यावर उभे राहा.

बांधणं

कयाक चढवण्यापेक्षा मला बांधण्याची जास्त काळजी वाटते, कारण इथे चूक झाली तर दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. मागून मोटरसायकलवाला येत असतो.

कॅम बकलचे (स्प्रिंगच्या दातांनी पट्टा पकडणाऱ्या बकलचे) दोन पट्टे घ्या, प्रत्येक दांडीला एक. पट्टा कयाकवरून टाका, दांडीखालून घ्या, पुन्हा कयाकवरून परत आणा, या बाजूच्या दांडीखालून घेऊन बकलमध्ये ओवा. दांडीला घेतलेला फेर रॅकच्या पायाच्या आतल्या बाजूने हवा, म्हणजे पट्टा टोकावरून निसटू शकत नाही. हाताच्या जोराने जेवढा ताणला जाईल तेवढाच ताणा. मालवाहतुकीचा रॅचेट पट्टा (दांडा मागेपुढे करून आवळायचा) नको. त्याने प्लॅस्टिक सहज दबतं, आणि उन्हात पॉलिइथिलीन मऊ पडल्यावर खड्डा आणखी खोल जातो. पट्ट्याच्या मोकळ्या भागाला एक पीळ द्या, नाहीतर वेगात तो गुंजत राहतो.

नंतर पुढची दोरी. हे काम बरेच जण टाळतात, आणि नेमकं तेच टाळू नये. छोट्या गाडीवर दांड्या जवळजवळ असतात, समोरून येणारा वारा पुढचं टोक उचलू पाहतो आणि सगळा ताण रॅकच्या पायांवर जातो. बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये टो हुक (गाडी ओढायचं कडं) असतं, ते बंपरमधल्या जागेत फिरवून बसवा. दुसरा उपाय म्हणजे बॉनेटच्या आतल्या मजबूत बोल्टला पट्ट्याचं कडं अडकवून ते बाहेर काढायचं. दोन कडी असतील तर दोरी इंग्रजी व्हीच्या आकारात बांधा, टोक डावी-उजवीकडेही हलत नाही. दोरी पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन ताणतं, ओलं झाल्यावर आणखी. ट्रकवाले ताडपत्री आवळताना दोरीतच फासा घेऊन त्यातून टोक ओढतात, ती गाठ शिकून घ्या. मागचं टोकही तसंच बांधा. उरलेली दोरी गुंडाळून पक्की करा, लोंबती दोरी चाकाखाली गेली तर सगळंच ओढून काढते. लवचिक हुकदोरीवर कयाक कधीही सोडू नका.

आता पुढचं टोक धरून जोरात हलवा. कयाकबरोबर अख्खी गाडी हलली पाहिजे. कयाक वेगळी हलली तर पुन्हा आवळा.

रस्त्यावर

गाडीच्या मागे काही डोकावत असेल तर लाल कापड बांधा. माल परवानगीच्या मर्यादेबाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या 194 (1A) कलमाखाली 20,000 रुपये दंड आहे आणि माल उतरवावाही लागतो.

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबा आणि पट्टे तपासा, ते थोडे सैल झालेले असतात. ताम्हिणी किंवा आंबोलीसारखा घाट उतरल्यावर पुन्हा एकदा. वेग 80 च्या आत ठेवा. कयाकसकट एकूण उंची मोजून स्टिअरिंगजवळ चिकटवा, कारण तळघरातलं पार्किंग आणि उंचीचे अडथळे येईपर्यंत टपावर काय आहे ते डोक्यातून गेलेलं असतं.

उतरवताना

आधी दोऱ्या, मग पट्टे. शेवटचा पट्टा सोडण्यापूर्वी कयाक एका हाताने धरा. मागून खेचा, मध्य मागच्या दांडीवर आला की मागचं टोक खांद्याशी घेऊन हळूहळू जमिनीवर टेकवा, मग पुढे जाऊन दुसरं टोक उतरवा. चार तास वल्हवून आल्यावर परत चढवायची वेळ येते तेव्हा खांदे थकलेले असतात, म्हणून आधी पाणी प्या, काही खा, पंधरा मिनिटं बसा. काठावर कुणी मदतीला तयार असेल तर त्याला एक टोक धरायला खुशाल सांगा. पाठीचं जुनं दुखणं असेल तर एकट्याने चढवण्याच्या फंदात पडूच नका, कमी उंचीचा ट्रेलर घ्या.

खाऱ्या पाण्यावरून आलात तर पट्टे आणि बकल गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. बकलची स्प्रिंग गंजली की दात पट्टा पकडत नाहीत, आणि तसा पट्टा पुन्हा वापरायचा नाही.