घरी चिली करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात ‘चिली कॉन कार्ने’, म्हणजे सुक्या मिरच्यांच्या दाट रश्श्यात मंद आचेवर शिजवलेले मांस, हा इतका मानाचा पदार्थ आहे की १९७७ मध्ये तेथील विधिमंडळाने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. आपल्याकडच्या हॉटेलांतील चिली चिकनशी त्याचे काहीही नाते नाही. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत थंडीच्या दिवसांत तो होतो आणि इकडेही आता हौसेने केला जातो. मात्र बहुतेक वेळा पातेल्यातून उतरतो तो राजमा-खिम्याचा झणझणीत रस्सा. तो खायला वाईट लागतो असे नाही, पण ती चिली नव्हे. आपण मिरचीकडे केवळ तिखटपणाचे साधन म्हणून पाहतो, तर चिलीत मिरची हाच रश्श्याचा गर असतो. आपल्या वाटणात जे काम कांदा-खोबरे करतात, ते तिथे मिरची करते. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने घडतात.

‘चिली पावडर’ म्हणजे लाल तिखट समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. न्यू ब्राउनफेल्स या टेक्ससमधील गावी स्थायिक झालेल्या विल्यम गेभार्ट या जर्मन गृहस्थाने १८९०च्या दशकात मिरची व मसाले एकत्र दळून विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून अमेरिकेत ‘चिली पावडर’ या नावाने जे मिळते, ते सौम्य मिरची, जिरे, ओरेगॅनो व लसणाची पूड यांचे मिश्रण असते. त्यात पुष्कळदा मीठही असते. अमेरिकी कृतीत एक किलो मांसाला चार मोठे चमचे चिली पावडर लिहिलेली असेल आणि आपण तेवढेच घरचे लाल तिखट घातले, तर तो पदार्थ कोणाच्याही घशाखाली उतरणार नाही. उलट बाजूनेही फसगत होते: अमेरिकेतून आणलेली चिली पावडर रोजच्या आमटीत घातली की तिला ओरेगॅनोचा वास येतो आणि तिखटपणा मात्र जाणवत नाही. तयार मिश्रण हाताशी नसेल, तर चार चमच्यांच्या जागी अडीच चमचे कश्मिरी मिरचीची पूड, एक चमचा भाजून कुटलेले जिरे आणि अर्धा चमचा ओरेगॅनो घ्यावे, लसूण ताजा वापरावा आणि मीठ शेवटी चव पाहूनच घालावे.

मिरच्या निवडताना आणि भाजताना

पूड वापरून बरी चिली होते. चांगली चिली मात्र अख्ख्या सुक्या मिरच्यांचीच होते. टेक्ससमध्ये त्यासाठी आंचो ही वाळवलेली पोब्लानो मिरची, तांबूस आणि किंचित आंबटसर ग्वाहिय्यो, क्वचित धुरावलेली चिपोत्ले आणि तिखटपणासाठी थोडी आर्बोल वापरतात. आंचो गरदार असते, तिला मनुकांसारखा गोडसर वास असतो आणि ती फारशी तिखट नसते, म्हणूनच एक किलो मांसाला पन्नास-साठ ग्रॅम मिरच्या घालूनही चिली खाण्याजोगी राहते.

महाराष्ट्रात या मिरच्या सहज मिळत नाहीत. ब्याडगी किंवा कश्मिरी मिरचीने रंग आणि गर यांचे काम बऱ्यापैकी भागते, परंतु ब्याडगी पातळ सालीची आणि आंचोपेक्षा तिखट असल्याने वजनास वजन घेऊ नये. तीस-पस्तीस ग्रॅम पुरे होतात आणि त्याही देठ, बिया व आतल्या पांढऱ्या शिरा काढून घ्याव्यात. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असा समज आहे, पण तिखटपणा आणणारे कॅप्सायसिन हे द्रव्य तयार होते ते या पांढऱ्या शिरांमध्ये, आणि त्यांना चिकटून असल्यामुळे बिया तिखट लागतात. आंचोचा गोडवा आणायचा असेल, तर वाटताना सात-आठ काळ्या मनुका घालाव्यात. अस्सल टेक्ससवासी नाक मुरडेल, पण चव जवळ जाते. लवंगी मिरची घालायचीच असेल तर आर्बोलच्या जागी एक-दोन. तिच्यावर चिलीचा पाया रचता येत नाही.

भाजण्यात घाई केली की पुढचे सगळे वाया जाते. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू पंधरा-वीस सेकंद शेकली की मिरची मऊ पडते, क्षणभर फुगल्यासारखी होते आणि तिचा वास घरभर सुटतो. तिथेच ती उचलावी. काळे डाग पडले की कडवटपणा आलाच, आणि तो कितीही शिजवून जात नाही. करपलेली मिरची निमूटपणे टाकून द्यावी. शेकलेल्या मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात, ते पाणी जिभेवर ठेवून पाहावे, कडू लागले तर ओतून द्यावे आणि साधे पाणी घेऊन मिरच्या गंधासारख्या बारीक वाटाव्यात. वाटण गाळून घेतल्यास दाताखाली साली येत नाहीत. हे वाटण थेट रश्श्यात ओतू नये. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थात विरघळतो, म्हणून ते आधी तेल सुटेपर्यंत परतावे. या कामात मराठी हात मुळातच तयार असतो.

मांसाचा तुकडा

टेक्ससमध्ये गाईच्या खांद्याचे मांस वापरतात. महाराष्ट्रात गोवंशाचे मांस मिळत नाही, तेव्हा बोकडाच्या मटणाचा खांदा हा चांगला पर्याय आहे. चरबी आणि शिरा नसलेले ‘चांगले’ मटण निवडणे ही इथली चूक ठरते, कारण रश्श्याला जो लुसलुशीतपणा येतो तो त्या शिरांमधले कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन झाल्यामुळे. तुकडे साधारण दोन सेंटिमीटरचे असावेत, धुतल्यावर कापडाने कोरडे टिपावेत आणि थोडे थोडे करून तेलात तपकिरी होईपर्यंत परतावेत. सगळे मांस एकदम पातेल्यात टाकले की पाणी सुटते आणि ते भाजण्याऐवजी त्या पाण्यात उकडते. नंतर दीड-दोन तास मंद आचेवर, अधूनमधून एखादा बुडबुडा येईल एवढ्याच आचेवर शिजू द्यावे. कुकर लावला तर पाणी निम्मेच घालावे आणि झाकण काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटे उघडे उकळून आटवावे, कारण बंद कुकरमध्ये रस्सा आटत नाही.

राजमा घालावा का, आणि घातला तर कसा

टेर्लिंग्वा या टेक्ससमधील ओसाड खेड्यात १९६७ पासून चिलीच्या स्पर्धा भरतात आणि तिथल्या पारंपरिक चिलीच्या नियमानुसार तीत कडधान्य चालत नाही. टेक्ससबाहेरच्या घरांत मात्र राजमा सर्रास घालतात, आणि शाकाहारी चिली तर त्याशिवाय उभीच राहत नाही. त्यामुळे या वादात शिरण्यापेक्षा तो नीट शिजवणे महत्त्वाचे.

कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि नीट न शिजलेले चार-पाच दाणेही उलट्या व जुलाब होण्यास पुरे असतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या स्लो कुकरमध्ये भिजवलेला कच्चा राजमा टाकण्याची अमेरिकेतली पद्धत म्हणूनच धोक्याची आहे, कारण तेवढ्या उष्णतेत हे विष नाहीसे होण्याऐवजी वाढू शकते. रात्रभर भिजवलेल्या राजम्याचे पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात तो खळखळून उकळावा. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन त्यासाठी तीस मिनिटे सांगते. प्रेशर कुकरच्या शिट्यांनी हा प्रश्न आपोआप सुटतो.

राजमा दोन तास शिजवूनही बोटचेपा होत नसेल, तर बहुधा टोमॅटो आधी पडलेला असतो. आंबटपणामुळे दाण्याचे साल व गर धरून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही. राजमा वेगळा, पूर्ण मऊ शिजवून मगच टोमॅटोशी गाठ घालावी. आणि टोमॅटो एखाद-दुसराच असावा, नाहीतर पास्त्याचा सॉस तयार होतो.

मसाल्याच्या डब्याकडे जाणारा हात

हळद, गरम मसाला, आले आणि धणे-जिरे पूड सवयीने पडतात आणि चिलीचा राजमा मसाला होतो. सिनसिनाटी शहरात १९२२ पासून चालत आलेल्या चिलीत दालचिनीसारखे गोड मसाले असतात हे खरे, पण ती मॅसिडोनियातून आलेल्या स्थलांतरितांनी घडवलेली आणि स्पॅगेटीवर वाढली जाणारी निराळीच शाखा आहे. टेक्ससच्या चिलीला एक किलो मांसामागे दोन लहान चमचे भाजलेले जिरे, सात-आठ लसूण पाकळ्या आणि एक चमचा ओरेगॅनो पुरतो. मेक्सिकन ओरेगॅनो युरोपीय ओरेगॅनोपेक्षा वेगळ्या कुळातील वनस्पती आहे आणि अधिक उग्र असतो. तो नसेल तर साधा चालतो. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या मात्र वापरू नयेत, कारण त्यांत मीठ आणि इतर जिन्नस मिसळलेले असतात.

दाटपणासाठी मूळ कृतीत मासा हारिना, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे पीठ घालतात. त्याऐवजी दुकानातील पांढरे कॉर्नफ्लोअर घातले की रश्श्याला चायनीज ग्रेव्हीसारखी चकाकी येते. भाजलेले पिवळे मक्याचे पीठ दोन चमचे पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात घालावे, किंवा पळीभर राजमा ठेचून परत पातेल्यात टाकावा.

बिघडलेली चिली सावरताना

चव सपक वाटली तर आणखी मसाला टाकण्याआधी मीठ पाहावे आणि मग अर्धे लिंबू पिळावे. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. फार तिखट झाली असेल तर पाणी वाढवून उपयोग नाही; बिनमसाल्याचा शिजलेला राजमा किंवा मांस मिसळावे आणि वाढताना वर घट्ट दही घालावे, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला बांधून घेते. मीठ जास्त झाल्यास बटाटा टाकण्याचा उपाय फारसा चालत नाही. तो खारट पाणी शोषतो, पण उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. कडवटपणावर चिमूटभर गूळ थोडाफार पांघरूण घालतो, याहून अधिक काही होत नाही.

चिली दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, पण त्यासाठी ती रात्रभर ओट्यावर ठेवू नये. पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी आणि खाताना पूर्ण उकळी आणावी. थंड झाल्यावर वर गोठलेली लालसर चरबी सगळी काढून टाकण्याचा मोह होतो; ती निम्मीच काढावी, कारण मिरचीचा रंग आणि बराचसा वास तिच्यातच उतरलेला असतो.